घोडा पावसाळ्यातही खातो : कंत्राटी कामातला खंड आणि त्याची किंमत

मंडळी, सुरुवातीलाच एक खुलासा केलेला बरा. आजच्या विषयात ‘कंत्राटदार’ हा शब्द आहे. तो ऐकून रस्त्याचं टेंडर भरणारा, दारात जेसीबी उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर आणू नका. त्यांची काळजी घ्यायला पुष्कळ लोक आहेत. आपण बोलणार आहोत ते स्वतःचं कसब कामापुरतं देणाऱ्या एकट्या माणसाबद्दल. खंडाळ्यात (आपल्या साताऱ्याच्या खंडाळ्यात, सिनेमातल्या नव्हे) असा माणूस आता दर दुसऱ्या-तिसऱ्या घरात सापडतो. शिरवळच्या एमआयडीसीत मशिनचं प्रोग्रामिंग करून देणारा, शटडाऊनच्या वेळी पंधरा दिवसांसाठी बोलावला जाणारा वेल्डर, घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी ड्रॉइंग काढणारी मुलगी, लग्नसराईतला फोटोग्राफर, आणि हो, तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवणारा प्राध्यापकसुद्धा. याला इंग्रजी नाव फ्रीलान्सर. आमच्या पिढीत त्याला नाव नव्हतं. ‘सध्या काही नाही, असंच करतो’ एवढंच म्हणायचे.

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने यात काय सांगायचं? व्यवहाराचे सल्ले देणारे पुष्कळ आहेत, ते मोबाईलवर चोवीस तास देत असतात. आम्हाला एकाच गोष्टीकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. एक काम संपतं आणि दुसरं सुरू होतं, त्यांच्या मधला जो काळ, म्हणजे ज्याला मुलं ‘गॅप’ म्हणतात आणि आपल्या कार्यालयीन मराठीत ‘खंड’ म्हणतात, तो काळ नेमका कसला आहे आणि त्याचा खर्च कोण करतो?

आधी भाषेकडे बघू. मुलगा नोकरीला ‘लागला’ असं आपण म्हणतो. पुढे तो ‘कायम’ होतो. आणि काम नसलं की तो ‘रिकामा’ असतो, ‘बसून’ असतो, ‘घरीच’ असतो. म्हणजे नोकरदार सोडला तर बाकीच्यांसाठी आपल्याकडे धड शब्दच नाहीत. मुलगी दाखवायला आलेले पाहुणे विचारतात, ‘पर्मनंट आहे का?’ बँकेतला साहेब तीन वर्षांची विवरणपत्रं मागतो. मुलाखत घेणारा बोट ठेवून विचारतो, ‘ही आठ महिन्यांची गॅप कशाची?’ त्या आठ महिन्यांत त्या मुलाने तीन छोटी कामं केलेली असतात, एक नवं सॉफ्टवेअर शिकलेलं असतं, आणि दोन पार्ट्यांकडे पैशासाठी पंधरा-पंधरा खेपा घातलेल्या असतात. पण कागदावर ती जागा कोरी दिसते.

आता सुटी आणि खंड यांतला फरक पाहा. दोन्हींत माणूस घरी असतो, दोन्हींत काम नसतं. पण सुटीचा शेवट आपल्याला ठाऊक असतो. सोमवारी सकाळी सात वाजता गाडी येणार आहे, हे माहीत असल्यामुळेच रविवारी दुपारची झोप लागते. खंडाचा शेवट माहीत नसतो. दहा दिवसांचा असेल, शंभर दिवसांचाही असेल. जुन्या ग्रीक विचारवंतांनी फुरसतीला मोठं मोल दिलं. त्यांच्या भाषेत कामधंद्याचा शब्दच ‘फुरसत नसणे’ असा बनलेला आहे. पण त्यांची ती फुरसत निश्चिंत माणसाची होती, तिच्यामागे दुसऱ्यांचे, बऱ्याचदा गुलामांचे, कष्ट होते. आपल्या कंत्राटी मुलाला वेळ मिळतो, फुरसत मिळत नाही. घरच्यांना हे समजलं तरी निम्मे वाद मिटतील. ‘एवढा घरी आहेस तर जरा विहिरीवर जाऊन ये’ असं वडील म्हणतात आणि पोरगं फोन हातात धरून चिडतं, तेव्हा दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

हा प्रकार नवा आहे असं मात्र समजू नका. ‘फ्रीलान्स’ हा शब्दच मुळात भाडोत्री भालाईताचा आहे. वॉल्टर स्कॉटच्या १८१९ सालच्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीमुळे तो रूढ झाला. आणि आपल्याला त्यासाठी इंग्लंडात जायची गरज नाही. मराठी फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई. आजच्या भाषेत बारगीर म्हणजे कंपनीचा लॅपटॉप वापरणारा आणि शिलेदार म्हणजे स्वतःचा लॅपटॉप घेऊन येणारा. शिलेदाराचा मान मोठा, मोबदलाही अधिक. पण मोहिमेचा हंगाम दसऱ्यापासून आठ महिन्यांचा. पावसाळ्यात नद्या भरल्या की फौज छावणीला परत.

आता प्रश्न असा की पावसाळ्याचे चार महिने घोड्याला दाणावैरण कोणी घालायची? घोडा काही मोहिमेपुरता खात नाही. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या फौजेची जी व्यवस्था सांगितली आहे, तिच्यात पागेच्या घोड्यांसाठी पावसाळ्याची वैरण, दाणा, औषधं आधीच साठवून ठेवण्याची तजवीज आहे. म्हणजे बारगिराचा खंड सरकार भरत होतं. शिलेदाराचा घोडा हा शिलेदाराची चिंता. महाराजांचा भर पागेवर होता, शिलेदारही पागेच्या हुकमतीखाली ठेवलेले होते, आणि त्यामागे शिस्तीचं कारण होतंच. पण आम्हाला त्यात हा हिशोबही दिसतो. ज्याच्या घोड्याचा पावसाळा तुम्ही सांभाळता, तो दसऱ्याला तुमच्याकडेच येतो.

हाच हिशोब पुढे गिरणीत आला. खंडाळा, वाई, जावळी, पाटणच्या किती घरांतून माणसं मुंबईला गिरणीत गेली हे इथल्या वयस्कर मंडळींना सांगायला नको. सगळे काही कायम नव्हते. ‘बदली’ म्हणून एक जात होती गिरणीत. रोज पाळीच्या वेळी फाटकावर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर आत घेणार, नाहीतर परत खोलीवर. १९३५ साली गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्डं देऊन त्यांची यादी ठरवली, म्हणजे कोणीही उठून फाटकावर यायचं हे थांबलं. पण ज्या दिवशी काम नाही त्या दिवसाच्या भाकरीचं काय? ती खानावळवाल्या बाईंनी उधारीवर घातली, आणि फारच लांबलं तर माणूस गाडी पकडून गावी आला. गावी दोन एकर कोरडवाहू होतं, त्यावर बायको आणि म्हातारी राबत होत्या. मुंबईच्या कापडधंद्याच्या हिशोबाच्या वहीत हा खर्च कुठेही नोंदलेला नाही. तो आपल्या गावांनी केला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हाही तसंच झालं. माणसं गावाकडे परतली आणि गावाने त्यांना पोसलं, जेवढं जमलं तेवढं. अर्थशास्त्रवाले याला गावाशी टिकून राहिलेलं नातं वगैरे म्हणतात. आम्ही म्हणू की तो बिनव्याजी, बिनमुदतीचा कर्जपुरवठा होता आणि तो बहुतांशी बायकांनी केला.

आजच्या मुलांच्या बाबतीत पंचाईत अशी की ते दोन एकर हायवेत, एमआयडीसीत किंवा वाटणीत गेले. गॅप तेवढी राहिली.

इथे एक भेद करायला हवा, नाहीतर सगळं एकाच पोत्यात जाईल. काही खंड कामाच्या स्वभावातून येतात. तमाशाचा फड दसऱ्याच्या सुमाराला बाहेर पडतो, चैत्र-वैशाखातल्या यात्रांत त्याची खरी कमाई, आणि पावसाच्या आत तंबू उतरतो. सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळूंच्या फडालासुद्धा पाऊस चुकवता आला नाही. कारखान्याचं शटडाऊन सणासुदीच्या आठवड्यात असतं, तेव्हा सगळ्यांना तोच वेल्डर त्याच आठवड्यात हवा असतो आणि पुढे दोन महिने कोणालाच नको असतो. याला कोणाचा इलाज नाही. काही जमातींनी तर दोन हंगामांना दोन जागा शोधून खंडच मिटवला. फलटण-माणकडचे मेंढपाळ पावसाळा संपला की मेंढरं घेऊन बाहेर पडतात, दुसऱ्यांच्या शेतात बसवतात, त्याबद्दल धान्य किंवा पैसे घेतात आणि पावसाळ्याला माघारी येतात.

पण काही खंड मुद्दाम पाडलेले असतात. औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की ती सलग सेवा धरण्याची तरतूद आली, आणि त्या आकड्याची एक वेगळीच कीर्ती झाली. २४० च्या आधी माणसाला घरी बसवायचं, थोड्या दिवसांनी नव्या पत्रावर परत घ्यायचं. काम तेच, मशिन तेच, माणूस तोच. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने माणसांना वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरतं ठेवून कायमपणाच्या लाभांपासून दूर ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. तरी ‘तांत्रिक खंड’ हा शब्द आपल्या शिक्षण खात्यापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे रुळला आहे. तांत्रिक! जणू फ्यूजच उडाला. तासिका तत्त्वावरचे आमचे तरुण सहकारी वर्ष संपलं की घरी आणि नवं वर्ष उघडलं की पुन्हा अर्ज, असं करत पंधरा-पंधरा वर्षं काढतात. त्यांची विद्या उन्हाळ्यात आटत नाही, मात्र पगार आटतो. तेव्हा कोणी ‘मला गॅप पडली’ म्हणाला की आधी विचारावं, पडली की पाडली?

आता आकडे घेऊ, कारण मुलं सगळ्यात जास्त इथे फसतात. समजा एखाद्याला नोकरीत महिना ५०,००० रुपये होते. नोकरी सोडून तो कंत्राटावर आला आणि पार्टीने विचारलं, दिवसाचे किती घेणार? तो मनात पन्नास हजाराला सव्वीसने भागतो, १,९२३ येतात. वरती थोडे घालून २,५०० म्हणतो आणि आपण शहाणपणा केला असं त्याला वाटतं. आता वर्ष मांडा. पगार वर्षाचा ६ लाख. मालक भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विमा यांपोटी जे भरत होता ते समजा १ लाख. स्वतःचा लॅपटॉप, गाडी, हत्यारं, फोन, प्रवास यांचे आणखी १ लाख. झाले ८ लाख. आणि ३६५ दिवसांतले बिल लावता येण्याजोगे दिवस किती? ५२ रविवार गेले, सणवार-आजारपणाचे पंचवीस गेले, उरले २८८. यातले काम शोधणं, कोटेशन देणं, साइट बघायला जाणं, उधारी वसूल करणं, नवं शिकणं आणि नुसतं वाट बघणं यांत १२८ दिवस सहज जातात. उरले १६०. आठ लाखाला १६० ने भागा, ५,००० येतात. म्हणजे दिवसाला पाच हजार घेणारा तेव्हा कुठे पन्नास हजारवाल्याच्या बरोबरीला येतो, आणि अडीच हजारवाला निम्म्या पगारावर राबत असतो, वर लोक म्हणतात, ‘काय बाबा, रोजचे अडीच हजार!’

आकडे तुमचे वेगळे असतील, ते आपापले घाला. पण भागायचं ते २६ ने नाही, बिलाच्या दिवसांनी, हे पक्कं ध्यानात ठेवा. जो दर खंडाचा खर्च पोटात घेत नाही, तो दर नोकरदारापेक्षा स्वस्त मजुरीचा आहे. पार्टीला हे नेमकं माहीत असतं, म्हणून तर ती कंत्राटावर माणूस घेते. यात तिला शिव्या देण्यासारखं काही नाही. पण आपण तिला आपला पावसाळा फुकट देऊ नये.

आमच्या पाहण्यात या मुलांच्या कारकिर्दीला एक वळण हटकून येतं. पहिली दोन-तीन वर्षं सगळं काम एकाच ओळखीतून मिळतं, बहुधा जुन्या कंपनीतल्या साहेबाकडून. ती वर्षं सुखाची. मग साहेबाची बदली होते किंवा कंपनी ते काम आत घेते, आणि आयुष्यातला सगळ्यात लांब खंड तेव्हा पडतो. इथेच बरेच जण मिळेल त्या पगारावर नोकरीत परततात, आणि त्यातही काही वाईट नाही. जे टिकतात ते चार-पाच पार्ट्यांची कामं धरतात. त्यांचे खंड संख्येने वाढतात पण लांबीने घटतात. पंचेचाळिशीनंतर पुन्हा फरक पडतो. डोक्याचं काम करणाऱ्याला नाव मिळालेलं असतं, वेल्डरचे डोळे आणि पाठ मात्र बोलायला लागतात. म्हणून किती महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा असं विचारलं तर आम्ही पुस्तकी ‘सहा महिने’ सांगत नाही. आपल्या वहीत आजवरचा सगळ्यात लांब खंड किती दिवसांचा निघतो ते बघावं आणि तेवढा घरखर्च वेगळ्या खात्यात टाकावा. वहीच नसेल तर आज रात्री ती सुरू करा, बाकीचं व्याख्यान विसरलात तरी चालेल.

ज्याच्याकडे बाजूला टाकायला काही नसतं, त्याचा खंड दुसराच भरतो आणि त्याची वसुली करतो. ऊसतोडीला येणारं जोडपं मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन येतं. तमाशातला कलावंतही उचल घेतो. पावसाळ्यातल्या भाकरीचे पैसे मुकादमाने आधीच दिलेले असतात, त्यामुळे हंगामात कोयता कुठल्या फडात चालायचा हे त्याच्या मर्जीवर. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, मग पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. या माणसाला कागदावर आपण स्वतंत्र कंत्राटी म्हणू शकतो, पण त्याचं स्वातंत्र्य आषाढातच विकलं गेलेलं असतं. क्रेडिट कार्डावर खंड काढणाऱ्या इंजिनिअरने स्वतःला फार वेगळं समजू नये.

तिसरा एक मार्ग आहे आणि तो आपल्याच मुलखाच्या माणसांनी दाखवलेला आहे, हे सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील. माथाडी, हमाल म्हणजे पक्के फ्रीलान्सर. आज या गाळ्यावर, उद्या त्या गोदीत, मालक रोज बदलणारा. १९६९ च्या माथाडी कायद्याने युक्ती अशी केली की कामगाराची नोंद मालकाकडे न करता मंडळाकडे केली. ज्याने पोतं उचलून घेतलं त्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार. मालक शंभर झाले तरी खातं एकच. गोदी कामगारांसाठी १९४८ च्या कायद्याखालच्या योजना याहूनही पुढे गेल्या होत्या. हजर राहूनही काम मिळालं नाही तर हजेरीचे पैसे, आणि महिन्यात ठरावीक दिवसांच्या किमान मजुरीची हमी. वाट बघणं हेसुद्धा बंदराचंच काम आहे, जहाज कधी लागेल हे कामगाराच्या हातात नाही, हे तत्त्व तिथे कायद्याने मान्य केलं होतं. आम्ही कित्येक वर्षं नीतिशास्त्र शिकवलं, पण न्यायाची कल्पना इतक्या थोडक्यात मांडलेली फारशी वाचली नाही.

दुसरे वि. स. पागे, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, विधानपरिषदेचे सभापती. रोजगार हमीचा पहिला प्रयोग त्यांनी १९६५ च्या सुमाराला आपल्याच भागात केला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर राबली, आणि १९७७ साली झालेला कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, नाहीतर बेकारी भत्ता. पुढे केंद्राच्या २००५ च्या कायद्याने तेच घेतलं : पंधरा दिवसांत काम न दिल्यास पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा, नंतर किमान निम्मा. आणि पैसे कुठून आणले? १९७५ साली व्यवसाय कर बसवला. नोकरदारांनो, तुमच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ना, वर्षाचे अडीच हजार, त्या कराचं मूळ हे आहे. ज्यांना खंड नाही त्यांनी ज्यांना खंड आहे त्यांच्यासाठी थोडं द्यावं, असा तो व्यवहार होता. गंमत म्हणजे आमचा कंत्राटी इंजिनिअरही तो कर भरतो, पण त्याच्या खंडासाठी कुठलीच हमी नाही. त्याने खडी फोडायला जावं असं कायदा म्हणू शकतो, पण तो जाणार नाही.

आता सद्यस्थिती. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज दिला आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असं म्हटलं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार हा शब्द कायद्यात आला, आणि ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत भरावेत अशी तरतूद आली. माथाडीच्या लेव्हीचीच ही लांबची नात. पण तिला ॲपवाला दिसतो. शिरवळच्या वेल्डरच्या आणि पार्टीच्या मध्ये ॲप नाही, एक फोन नंबर आहे. मग लेव्ही भरणार कोण, हे तिला सांगता येत नाही.

तोवर जे हातात आहे ते तरी वापरावं. आपले निम्मे खंड हे काम नसल्याचे नसतात, केलेल्या कामाचे पैसे न आल्याचे असतात. काम हातात असतानाही माणूस कफल्लक, म्हणून तोही खंडच. सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही उद्यम नोंदणी करता येते, ती मोफत आहे. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, आणि दाद मागायला सुविधा परिषद आहे. हा कायदा दाखवला की पार्टी पुढचं काम देणार नाही, अशी भीती मुलांना असते आणि ती खोटी नाही. म्हणून बिलावर नोंदणी क्रमांक छापावा आणि तोंडाने काही बोलू नये. छापलेला आकडा आपलं काम मुकाट्याने करतो.

आणि एक सूचना, चर्चेसाठी. भिशी आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. एकाच कसबाच्या पंधरा-वीस जणांनी भिशी लावली आणि चिठ्ठी टाकण्याऐवजी ज्याचा खंड सगळ्यात लांबला त्याला डाव दिला तर? लगेच शंका येईल की एखादा मुद्दामच बसून राहील. सरकारी योजनेत ते ओळखणं कठीण. पण हे लोक एकमेकांना कामं सुचवतात, कोणी कुठलं काम नाकारलं हे त्यांना तिसऱ्या दिवशी कळतं. अडचण दुसरीच आहे. कारखाने मंदावले की पंधराच्या पंधरा एकदम घरी बसतील आणि भिशीत टाकायला कोणाकडेच काही नसेल. यासाठी वेगळ्या हंगामाच्या लोकांना एकत्र आणावं लागेल, लग्नाच्या फोटोग्राफरबरोबर शटडाऊनचा वेल्डर. ते एकमेकांवर विश्वास ठेवतील का, हे इथे बसलेले फोटोग्राफर आणि वेल्डरच सांगू शकतील. त्यांचे प्रश्न आधी घेऊ, प्राध्यापकांचे नंतर.